चावी फिरवली, सेल्फ गप्प: रिस्टोअर केलेल्या जुन्या गाडीचा बिघाड शोधायचा कसा

चवथीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. फोंड्याजवळच्या चित्रशाळेतून गणपती घेतला, मागच्या सीटवर पाट ठेवून मूर्ती बसवली, पुतण्याने ती दोन्ही हातांनी धरली आणि काकांनी चावी फिरवली. 'टक्'. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. बाहेर पाऊस, मागे आपापली मूर्ती न्यायला आलेल्यांची रांग आणि वाटेत आडवी आमची १९७२ची अँबेसेडर, जिच्यावर काकांनी तीन वर्षं आणि काकूंना न सांगण्याइतके पैसे घातलेले. शेवटी रांगेतल्याच चौघांनी 'मोरया' म्हणत ढकलली, काकांनी दुसऱ्या गियरमध्ये क्लच सोडला आणि गाडी सुरू झाली.

दीड दिवसाचा गणपती पोचवून झाल्यावर मेस्त, म्हणजे मेकॅनिक, आला. चावी फिरवून एकदाच 'टक्' ऐकलं आणि निकाल दिला, "सेल्फ गेला पात्रांव, नवो घालचो पडटलो." नवा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, बसला. चार दिवस गाडी झकास. पाचव्या दिवशी पुन्हा 'टक्'. मग नवी बॅटरी आली. तरीही 'टक्'. बिघाड सापडला तो तिसऱ्या खेपेस, एका बोल्टाखाली, आणि दुरुस्तीला लागला पॉलिश पेपरचा एक तुकडा. तो बोल्ट कोणता ते पुढे येईलच. तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे: रिस्टोअर केलेल्या गाडीत पहिला संशय जुन्या भागावर घेऊ नका, नव्या कामावर घ्या. पन्नास वर्षं टिकलेला सेल्फ नेमका रंगकाम झाल्यावरच कसा मरेल?

'गाडी सुरू होत नाही' म्हणजे नेमकं काय

हे वाक्य दोन अगदी वेगळ्या आजारांना वापरलं जातं. एकात सेल्फ इंजिन फिरवतो, पण इंजिन पेट घेत नाही. तिथे पेट्रोल आणि स्पार्क तपासायचा. दुसऱ्यात इंजिन फिरतच नाही. हा लेख फक्त दुसऱ्याबद्दल आहे. सेल्फ गप्प असताना कार्बोरेटर उघडून बसलेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून एवढं स्पष्ट लिहिलं.

आवाज नीट ऐका, अर्धं निदान तिथेच होतं. काहीच आवाज नाही, एकच 'टक्', मशीनगनसारखं 'टकटकटक', 'घर्रर्र' करून सेल्फ नुसता फिरतो पण इंजिन ढिम्म, किंवा 'धप्प' होऊन सगळं थांबतं. या पाच आवाजांच्या वाटा वेगवेगळ्या आहेत.

हत्यारं फार लागत नाहीत. साधा डिजिटल मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प (१२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी जोडून घरी केलेला चालतो), जाड तांब्याच्या जंप केबल्स, वायर ब्रश, पॉलिश पेपर, पाने आणि चावी फिरवायला एक माणूस. तो माणूस सांगितल्यावरच चावी फिरवणारा हवा. आमच्याकडे या कामावर पुतण्याची नेमणूक आहे, काकांना धीर धरवत नाही.

आणि सुरू करण्यापूर्वी: गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. हातातली अंगठी, घड्याळ, ब्रेसलेट काढून ठेवा. बॅटरी आणि बॉडीच्या मध्ये सोन्याची अंगठी सापडली तर ती क्षणात लाल होते आणि बोटही नेते. बॅटरीचं कनेक्शन काढताना आधी अर्थची (बॉडीला जोडलेली) केबल काढायची, लावताना ती शेवटी लावायची. चार्जिंग चालू असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जवळ विडी-सिगारेट नको.

पहिली पायरी: बॅटरी, पण दहा मिनिटांत उरका

गाडी काही तास उभी असताना बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर मीटर लावा. नुकतीच चार्ज केली असेल तर आधी एक-दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, म्हणजे वरवरचा चार्ज उतरतो. १२.६ व्होल्ट किंवा जास्त असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. बुचं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (आम्लाची घनता दाखवणाऱ्या नळीने) प्रत्येक खाना बघा. भरलेल्या खान्यात आकडा १.२६५च्या आसपास येतो. सहांपैकी एकच खाना बाकीच्यांपेक्षा खूप खाली असेल तर ती बॅटरी चार्ज करून काही होणार नाही.

उभ्या बॅटरीवर १२.६ दिसले म्हणून मात्र खूश होऊ नका. खरी परीक्षा ओझं पडल्यावर होते. मदतनिसाला चावी फिरवायला सांगा आणि त्या क्षणी बॅटरीवर किती उरतात ते बघा. सेल्फ करंट ओढत असताना ९.६ व्होल्टच्या खाली गेली तर बॅटरी दमलेली आहे, किंवा सेल्फ नको तेवढा करंट पितो आहे. उलट चावी फिरवल्यावर 'टक्' झालं आणि आकडा १२.५ वरून १२.४ वरच आला, तर बॅटरीचा दोष नाही. तिच्याकडून कोणी करंट मागितलेलाच नाही. आमच्या गाडीत अगदी हेच होत होतं आणि तरीही आम्ही बॅटरी बदलली. मीटर होता, पण तो कपाटात होता.

जुन्या गाड्यांत आणखी एक भानगड. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश बांधणीच्या बहुतेक गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असे, म्हणजे बॅटरीचा धन टोक बॉडीला. रिस्टोअर करताना कोणीतरी ते उलटवलेलं असू शकतं, नसूही शकतं. जंप केबल लावण्यापूर्वी बॉडीला कोणतं टोक गेलंय ते डोळ्यांनी बघा. लाल केबल म्हणजे धन, या भरवशावर राहू नका. जुन्या पद्धतीच्या सेल्फला स्वतःला उलट जोडणीने फरक पडत नाही, तो त्याच दिशेने फिरतो. पण डायनमो (गाडी चालताना बॅटरी भरणारं यंत्र) आणि नव्याने बसवलेला स्टिरिओ तसे उदार नसतात.

दुसरी पायरी: दिव्यांची परीक्षा

मीटर नसतानाही ही करता येते, म्हणून रस्त्यात अडकलेल्याला सर्वांत उपयोगी. रात्र असेल तर उत्तम, दिवसा गाडीचं तोंड भिंतीकडे करा. हेडलाइट लावा, तसेच ठेवून चावी फिरवा आणि उजेडाकडे बघा.

उजेड एकदम मंद झाला आणि 'टकटकटक' आलं तर बॅटरी रिकामी किंवा बॅटरीचे टर्मिनल सैल. दिवे पूर्णच विझले आणि चावी सोडल्यावर परत आले तर मुख्य केबलचा एखादा जोड फक्त नावापुरता चिकटलेला आहे. बॅटरीच्या टर्मिनलवर हात लावून बघा, बहुधा तिथेच कोमट लागेल. 'धप्प' होऊन दिवे मंद झाले आणि तसेच राहिले तर करंट सेल्फपर्यंत पोचतोय, पण सेल्फ किंवा इंजिन अडकलं आहे.

दिवे जसेच्या तसे लख्ख आणि आवाज काहीच नाही, तर चावीपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक वायर बघायची. सोलेनॉइड म्हणजे चावीच्या छोट्या करंटवर सेल्फचा मोठा करंट जोडणारा स्विच. आणि दिवे लख्ख, पण एक 'टक्', हा आमचा रोग. यात दोनच शक्यता: सोलेनॉइडच्या पुढे करंट जात नाही, किंवा गेलेला करंट परत येऊ शकत नाही. मेस्त लोक पहिली शक्यता धरून सेल्फ काढतात. दुसरी कोणाच्या डोक्यात येत नाही, कारण 'परत येणारा' करंट डोळ्यांना दिसणाऱ्या लाल वायरीतून येत नाही, बॉडीतून येतो.

अर्थ: जिथे रंगाने गाडी मारली

इथे थोडं थांबू. बॅटरीच्या एका टोकातून निघालेला करंट सोलेनॉइडमधून सेल्फमध्ये जातो. तिथून सेल्फच्या लोखंडी अंगातून इंजिनात, इंजिनातून बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीच्या दुसऱ्या टोकात परत. आता इंजिन बसलंय रबराच्या माउंटिंगवर. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गियरबॉक्सपासून बॉडीपर्यंत एक विणलेली तांब्याची पट्टी लावलेली असते, तिला अर्थची पट्टी म्हणतात. तीन-चारशे रुपयांची, तेलाने काळी झालेली, कुणाचं लक्ष न जाणारी वस्तू.

रिस्टोरेशनमध्ये काय होतं? बॉडी उघडी करून घासतात, प्रायमर मारतात, दोन-तीन हात रंग, वर क्लियर कोट. खालच्या भागाला पावडर कोटिंग किंवा जाड काळा अंडरकोट. मग कारागीर अर्थच्या पट्टीचा बोल्ट त्या चकचकीत रंगावर आवळतो. दिसायला सुरेख. रंग मात्र विजेला वाट देत नाही. संबंध राहतो तो बोल्टच्या आट्यांतून, आणि आट्यांतही रंग गेलेला असतोच. एप्रिल-मेमध्ये तेवढा संबंध पुरतो. मग आपला पाऊस येतो. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, वर समुद्राची खारी हवा. आट्यांत गंज धरतो आणि उरलेला संबंध तुटतो. आमची गाडी मे महिन्यात बाहेर पडली आणि चवथीला रुसली, त्यामागे गणपतीची नाराजी नव्हती, आट्यांतला गंज होता.

आणखी एक खूण सांगतो, ती मला नंतर समजली. चित्रशाळेसमोर काकांनी सात-आठ वेळा चावी फिरवली होती, आणि त्यातच "चोकची वायर गरम कशी झाली?" असं पुटपुटलेही होते. आम्ही लक्ष दिलं नाही. बॉडीकडे जायची मोठी वाट बंद झाली की सेल्फचा करंट मिळेल ती वाट धरतो: चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल. इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणाऱ्या या केबल लोखंडाच्याच असतात. बारीक असल्यामुळे त्या तापतात, कधी कधी धूरही येतो. सेल्फ मारताना चोकची केबल गरम लागली तर पुढे काही तपासू नका, थेट अर्थच्या पट्टीकडे जा.

पटवून घ्यायचा मार्ग दोन मिनिटांचा. एक जंप केबल घ्या. तिचं एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला लावा, दुसरं थेट इंजिनाच्या उघड्या धातूला, रंग नसलेल्या एखाद्या बोल्टला किंवा सेल्फच्या अंगाला. आता चावी फिरवा. इंजिन भर्रकन फिरलं तर रोग सापडला.

इलाज: अर्थची बॅटरीकडची केबल काढा. पट्टीचे दोन्ही बोल्ट सोडा. बोल्टाखालचा रंग रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात पार घासून चकचकीत पत्रा काढा, इंजिनाकडच्या बाजूलाही. पट्टीच्या टोकाचा लगही (बोल्ट जातो ते धातूचं कडं) घासा. दातेरी वॉशर घाला, म्हणजे तो धातूत रुततो. घट्ट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा रंगाचा एक हात मारा. रंग आवळल्यानंतर मारायचा, आधी नाही. रंगारी याला कुरकुर करतील, करू द्या.

असाच रंगाचा थर सेल्फ जिथे गियरबॉक्सच्या हाउसिंगवर बसतो तिथेही असतो, कारण हल्ली हाउसिंगही रंगवतात. आणि फायरवॉलवर बसवलेल्या जुन्या पद्धतीच्या सोलेनॉइडच्या कानांखालीही असतो. या सोलेनॉइडच्या आतल्या कॉइलला स्वतःची अर्थ वायर नसते, तो आपल्या पत्र्यातूनच अर्थ घेतो. रंगावर बसवला तर 'टक्'सुद्धा येत नाही.

व्होल्टेज ड्रॉप: मीटर खोटं का बोलतो

लोक मला सांगतात, "सेल्फच्या टर्मिनलवर मीटर लावला, बारा व्होल्ट आले, म्हणजे वायरिंग ठीक." नाही. आमच्या फोंड्याकडच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) पाटाने पाणी सोडतात. पाटात पानांचा गच्च बांध झाला तरी त्यातून झिरपून पुढचा खड्डा हळूहळू भरतोच. भरलेला खड्डा बघून पाट मोकळा आहे असं समजलात तर पोफळी वाळतील. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, म्हणून खराब जोडातूनही त्याला पूर्ण बारा दिसतात. सेल्फ जेव्हा शे-दीडशे अँपिअर मागतो तेव्हा बांधाची खरी किंमत कळते. हिशेब सोपा: जोडात फक्त ०.०२ ओहमचा अडथळा असेल आणि १५० अँपिअर वाहत असेल तर ३ व्होल्ट त्या जोडातच संपतात. एवढा छोटा अडथळा साध्या मीटरच्या ओहमच्या बटणावर दिसत नाही. म्हणून ओहम मोजायचा नाही, सेल्फ मारताना जोडाच्या दोन्ही बाजूंना व्होल्ट मोजायचे.

आधी इग्निशन कॉइलची बारीक वायर काढा, म्हणजे मध्येच इंजिन सुरू होणार नाही. मीटर २० व्होल्टच्या डीसी रेंजवर. चावी एका वेळी तीन-चार सेकंदच फिरवायची आणि मध्ये अर्धा मिनिट सेल्फला विश्रांती द्यायची. आकड्यापुढे वजा आलं तर दुर्लक्ष करा, प्रोब उलट लागलेत एवढाच अर्थ.

अर्थची बाजू: एक प्रोब बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे. दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर. चावी. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. आमच्याकडे आला साडेदहा! मग तुकडे पाडा. खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते इंजिन. ज्या तुकड्यात आकडा उडी मारेल तिथे पाना घेऊन जायचं. आमची सगळी उडी शेवटच्या तुकड्यात होती.

लाइव्ह (अर्थ नसलेल्या टोकाची) बाजू तशीच: बॅटरीची खुंटी ते सेल्फचं मोठं टर्मिनल. चावी न फिरवता इथे पूर्ण बारा दिसतील, कारण सोलेनॉइड उघडा असतो, घाबरू नका. फिरवल्यावर अर्धा व्होल्ट किंवा कमी राहायला हवा. सोलेनॉइडच्या दोन मोठ्या टर्मिनलमध्ये ०.२-०.३पेक्षा जास्त असेल तर त्याचे आतले संपर्क जळाले आहेत.

नव्या केबलवरही विश्वास ठेवू नका. बाजारात जाड प्लॅस्टिकच्या आत बारीक तांबं असलेल्या केबल सर्रास मिळतात, काहींत तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. टोक कापून आत बघून घ्या. अशा गाडीला २५ ते ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल हवी आणि लग हातोडीने चेपलेला नको, क्रिम्पिंग टूलने दाबलेला हवा. जुनी केबल वाकवताना कुरकुर वाजली तर आत हिरवा गंज आहे. चोरीच्या भीतीने बसवलेला तो हिरव्या मुठीचा बॅटरी कट-ऑफ स्विचही मोजून बघा. स्वस्तातला असेल तर बांध तिथेच असतो.

सोलेनॉइड आणि चावी

आवाज काहीच नसेल तर इथे या. अँबेसेडरसारख्या गाडीत जुन्या पद्धतीच्या सोलेनॉइडला एका टोकाला रबराचं बटण असतं. अंगठ्याने दाबलं की आतले संपर्क हाताने मिटतात. न्यूट्रल आणि हँडब्रेक पुन्हा तपासा आणि दाबा. इंजिन फिरलं तर सेल्फ, बॅटरी, अर्थ सगळं ठणठणीत, दोष चावीच्या बाजूला. फिरलं नाही तर चावीला दोष देऊ नका. ज्या गाड्यांत सोलेनॉइड सेल्फच्या पाठीवर बसलेला असतो तिथे हे बटण नसतं. तिथे बारीक टर्मिनलला बॅटरीचा लाइव्ह एका वायरीने क्षणभर टेकवायचा.

टेस्ट लॅम्पचं एक टोक इंजिनाला आणि एक सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर. चावी फिरवल्यावर दिवा पेटला तर चावी ठीक, सोलेनॉइड किंवा त्याचा अर्थ खराब. पेटला नाही तर मागे मागे जात चावीच्या पाठीपर्यंत पोचा. लुकास (ब्रिटिश गाड्यांचे विजेचे भाग करणारी कंपनी) पद्धतीच्या मूळ वायरिंगमध्ये तपकिरी वायर म्हणजे बॅटरीचा कायमचा लाइव्ह, पांढरी म्हणजे इग्निशन, पांढरीवर लाल रेघ म्हणजे सेल्फ. रिस्टोअर करताना नवी वायरिंग भरणाऱ्याने हातात आलेली वायर ओढली असेल तर रंगांना अर्थ नाही. डॅशबोर्डमागचे खटके (वायरी जोडणारे कनेक्टर) हाताने दाबून बघा. नव्या वायरिंगमध्ये अर्धवट बसलेला खटका हा फार मोठा गुन्हेगार आहे.

दोन मोठ्या टर्मिनलमध्ये स्क्रू-ड्रायव्हर टाकून सेल्फ फिरवायची पद्धत गॅरेजात सर्रास चालते. मला ती आवडत नाही. ठिणगी उडते आणि शेजारी पेट्रोलने ओला कार्बोरेटर असू शकतो.

आता सेल्फ, पण शेवटी

इथवर सगळं बरोबर निघालं तरच सेल्फ काढा. त्यातही 'घर्रर्र' करून नुसता फिरत असेल तर काढायची घाई नको. जुन्या सेल्फमध्ये बेंडिक्स असतो: मोटर वेगाने फिरली की दातेरी पिनियन आट्यांवरून पुढे फेकला जातो आणि फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) रिंग गियरमध्ये बसतो. त्या आट्यांवर धूळ आणि तेल साठलं की पिनियन जागचा हलत नाही. रॉकेल किंवा पेट्रोलने धुवा, वाळवा आणि कोरडाच ठेवा. तिथे ग्रीस लावणाऱ्या उत्साही माणसाला लांब ठेवा. पुढच्या धुळीत ते ग्रीस सिमेंट होतं.

'धप्प' होऊन अडकला असेल तर पिनियन रिंग गियरमध्ये रुतला असावा. चावी काढून घ्या, गाडी टॉप गियरमध्ये घाला, हँडब्रेक सोडा आणि दोघांनी धरून पुढे-मागे झुलवा. सुटला तर 'खट्' ऐकू येतं. नाही तर सेल्फच्या मागच्या टोकावर टोपीखाली चौकोनी दांडा असतो, त्याला पाना लावून फिरवा. हेच वारंवार होत असेल तर रिंग गियरचे दात बघावे लागतील.

सेल्फ उघडलाच तर कार्बन ब्रश सुमारे ८ मिलिमीटरपेक्षा आखूड नकोत. कम्युटेटर (ब्रश टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) पेट्रोलच्या फडक्याने पुसा, बारीक काचपेपर चालतो. एमरी पेपर नको, त्याचे विजेला वाट देणारे कण फटींत बसतात. सेल्फच्या कम्युटेटरमधल्या अभ्रकाच्या फटी खोदू नयेत. डायनमोवर जी सवय असते ती इथे नको. ब्राँझचे नवे बुश (दांडा फिरतो त्या छोट्या नळ्या) बसवण्यापूर्वी एक रात्र-दिवस इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचे.

आणि इंजिनच अडकलं असेल तर

जुन्या गाडीचं मोठं सुख म्हणजे हँडल. पुढच्या बंपरच्या भोकातून घाला, चावी बंद, गियर न्यूट्रल. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलला वेढा घालू नका, आणि फक्त वर ओढा. इंजिन दमाने फिरलं तर ठीक. फिरलंच नाही तर जोर करू नका. स्पार्क प्लग काढा आणि पुन्हा बघा. प्लगच्या भोकांतून पाणी किंवा पेट्रोल उडालं तर सिलिंडरमध्ये द्रव साठला होता. पुरातून गाडी काढली असेल किंवा हेड गॅस्केट गेली असेल तर हे होतं, आणि अशा वेळी सेल्फ मारत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढूनही हलत नसेल तर इंजिन धरलं आहे, मग जाणत्या हातांकडेच द्या.

पावसाळ्याआधी

मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही अर्थचे सगळे बोल्ट उघडतो, घासतो, आवळतो, व्हॅसलीन लावतो. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुतो. प्लॅस्टिकचं हवाबंद कव्हर पावसात घालत नाही, त्याच्या आत गाडी घाम गाळते. डायनमोवाली गाडी पणजीच्या रांगांत वायपर आणि हेडलाइट लावून रखडली तर बॅटरी भरत नाही, उलट उतरते, कारण मंद चालीवर डायनमो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा काका बोरीच्या पुलापर्यंत वेगाने एक फेरी मारून येतात.

काढलेला जुना सेल्फ अजून माडीवर आहे. परवा बाकावर जंप केबल लावून फिरवला, भुंग्यासारखा गातो.